गाळ कुठे गेला?

इंग्रजीतल्या 'डेफिकेट' या क्रियापदाचा अर्थ कुणाही डॉक्टरला विचारा, उत्तर एकच येईल: शौचास होणे. पण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत शिरला, तेव्हा त्याचा संडासाशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हा त्याचा अर्थ होता द्रव शुद्ध करणे. लॅटिनमध्ये 'फाएक्स' म्हणजे वाइनच्या पिंपाच्या तळाशी बसणारा साका. त्याचं अनेकवचन 'फाएसेस'. त्याच्यामागे 'दे', म्हणजे 'पासून दूर', हा उपसर्ग लागला आणि साका काढून वरचा द्रव नितळ करणे या अर्थाचं क्रियापद तयार झालं. डॉ. जॉन्सनच्या १७५५च्या कोशातही ते मद्यातला गाळ काढून ते स्वच्छ करणे याच अर्थानं येतं. मद्यच कशाला, मनसुद्धा 'डेफिकेट' करता येत असे, विकारांचा साका काढून. शरीरधर्माचा अर्थ पक्का झाला तो एकोणिसाव्या शतकात. साखरधंद्यानं मात्र जुना अर्थ सोडला नाही. उसाच्या रसात चुना घालून, तो तापवून, घाण वेगळी काढण्याच्या पायरीला साखरतंत्राच्या इंग्रजी पुस्तकांत आजही 'डेफिकेशन' म्हणतात.

ही माहिती गंमत म्हणून सांगण्याची पद्धत आहे. बघा, केवढा सोज्वळ शब्द आणि कुठे जाऊन पडला! भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात, म्हणजे अर्थाची घसरण. माझं भांडण या 'घसरणी'शी आहे. शब्द घसरला नाही. तो आधी द्रवात काय उरलं ते सांगत होता, नंतर द्रवातून काय निघालं ते सांगू लागला. तीनशे वर्षं त्याच्या पोटात दडून बसलेला साका शेवटी वर आला. शुद्ध करण्याच्या शब्दांमध्ये एवढा खरेपणा क्वचित सापडतो.

आपल्याकडे याहून मोठी गोष्ट घडली आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण ती रोज तोंडात आहे. 'शौच' हा शब्द 'शुचि'वरून आला. शौच म्हणजे शुचिता, निर्मळपणा. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच नियमांपैकी पहिला नियम शौच. गीतेत ज्ञानाची लक्षणं मोजताना शौच येतं, दैवी संपत्तीच्या यादीतही येतं. आणि आज मराठी माणूस डॉक्टरकडे जाऊन म्हणतो, "दोन दिवस शौचाला झाली नाही." शौचालय म्हणजे शब्दशः पावित्र्याचं घर. युरोपात एका टोकाला, इथे दुसऱ्या टोकाला, दोन भाषांनी एकमेकींना न विचारता शुद्धतेचा शब्द त्याच एका क्रियेला चिकटवला.

दोन्हीत फरक आहे, आणि माझ्या मते तो महत्त्वाचा आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळात साका आहे. 'फाएक्स' त्यातून हलवता येत नाही. 'शौच'मध्ये साक्याचा पत्ताच नाही. सगळी शुद्धता करणाऱ्याकडे राहिली. जो परसाकडे गेला तो 'शौच' करून आला, शुद्ध झाला. मागे जे राहिलं त्याला वेगळा शब्द: मैला. आणि तो मैला डोक्यावरून नेणाऱ्याला आणखी वेगळे शब्द, ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहेत. एका क्रियेचे दोन तुकडे झाले. पावित्र्य एकाच्या नावावर चढलं, घाण दुसऱ्याच्या. जातिव्यवस्थेनं व्याकरण घडवलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण हा शब्द तिला सोयीचा पडला एवढं म्हणायला हरकत नसावी.

म्हणून माझं म्हणणं असं, की शुद्ध करण्याच्या प्रत्येक क्रियापदाला एक प्रश्न विचारला पाहिजे: गाळ कुठे गेला? पदार्थ नाहीसा होत नाही. पाणी शुद्ध झालं याचा अर्थ पाण्यातली घाण दुसरीकडे गेली, एवढाच. कुठे गेली, कुणाच्या अंगणात, कुणाच्या हातून, हे जो शब्द लपवतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. 'शुद्धीकरण' हा मराठीतला सर्वांत लपवाछपवी करणारा शब्द आहे. तत्सम, भारदस्त, आणि आत कर्ता नाही, साका नाही.

या शब्दाचा सर्वांत उघडा कारभार महाडला पाहायला मिळाला. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याची भूमिका मुंबई कायदे कौन्सिलनं घेतली. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. परतलेल्या लोकांवर हल्ला झाला. आणि मग गावच्या सवर्णांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं.

यात शुद्ध काय झालं हा प्रश्न कुणीही विचारील, कारण तळ्यातून काहीच निघालं नव्हतं, उलट शेण आत गेलं होतं. पण शुद्धीकरण म्हटलं की साका लागतोच. पाण्यात तो नव्हता, तेव्हा पाणी पिणारी माणसं साका ठरली. लॅटिनमध्येही असंच झालं होतं. सिसेरोनं रोमच्या सामान्य जनतेला 'फाएक्स' म्हटलंय. समाजाचा गाळ हा वाक्प्रचार आपल्यालाही परका नाही. पुढे नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला. दहा वर्षं लागली. शुद्धीकरणाला एक दुपार पुरली असावी.

त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन झालं. त्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक दृष्टान्त आहे. कतक म्हणजे आपली निवळी. तिचं बी उगाळून गढूळ पाण्यात घातलं की माती खाली बसते. मनुस्मृती म्हणते, निवळीचं फळ पाणी नितळ करत असलं तरी नुसतं तिचं नाव घेऊन पाणी निवळत नाही. ज्यांनी मंत्र म्हणून तळं शुद्ध केलं त्यांना त्यांच्याच ग्रंथातली एवढी साधी गोष्ट आठवली नाही. आठवण्याची गरजही नव्हती, पाणी निवळणं हा त्यांचा हेतू नव्हताच.

महाडहून गोवा महामार्गानं उत्तरेला निघालं की पनवेल येतं आणि मग नवी मुंबई. इथे कुणी मंत्र म्हणत नाही. इथे शुद्धीकरण विजेवर चालतं आणि चांगलं चालतं, हे आधी मान्य करतो. स्वतःच्या मालकीचं धरण, मोरबे, असलेली ही महापालिका. स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी देशात तिसरी. शहराचं सांडपाणी उघड्या नाल्यांत न सोडता प्रक्रिया केंद्रांत नेणारी शहरं आपल्याकडे थोडी आहेत, त्यांत ही आहे. कोपरखैरणे आणि ऐरोली इथल्या केंद्रांत पाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना देण्याची सोय आहे. मी या शहरात राहतो आणि मला याचा अभिमान वाटतो.

पण प्रक्रिया म्हणजे काय? आधी जाळीवर चिंध्या, प्लास्टिक, केस अडतात. मग वाळू बसते. मग टाकीत हवा सोडतात; जिवाणू मैला खाऊन वाढतात, त्यांचे पुंजके होतात आणि तळाला बसतात. वरचं पाणी ओढून घेतात, त्यात क्लोरीन घालतात. तळाला जे बसलं त्यातलं पाणी पिळून काढलं की काळसर लगदा उरतो. बातमी वरच्या पाण्याची होते, फोटो वरच्या पाण्याचा येतो, बाटलीत भरून पाहुण्यांना दाखवतात तेही वरचंच पाणी. लगद्याचं काय? जाळीवरच्या चिंध्या कोण उपसतं? शुद्धीकरण हा शब्द तिथपर्यंत जातच नाही.

सिडकोनं हे शहर खाडीकाठच्या खोलगट जमिनीवर वसवताना पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव केले. भरतीच्या वेळी दारं बंद, ओहोटीला उघडी. योजना डच पद्धतीची, सुरेख. भरतीच्या पाण्याबरोबर गाळ येतो हेही सगळ्यांना माहीत होतं. तो आला, साचला, त्याच्यात खारफुटी उगवली. आता खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यानं गाळ काढायला परवानग्या लागतात, आणि मुसळधार पावसात भरती आली की सखल सेक्टरांत पाणी शिरतं. तलाव बांधल्याचं सगळ्यांच्या लक्षात राहिलं, गाळाचं कुणाच्या राहिलं नाही. जरा पूर्वेला तळोज्यात तर रंगांचा खेळ झाला. ऑगस्ट २०१७मध्ये तिथे निळे कुत्रे हिंडताना दिसले आणि त्यांचे फोटो जगभर गेले. ज्या कासाडी नदीत ते अन्न शोधत उतरत, तिच्यात रंग सोडला जात होता. औद्योगिक वसाहतीला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होतं, नावाला 'शुद्धीकरण' सुरू होतं. कोळी बांधव नदी मेली म्हणून वर्षानुवर्षं ओरडत होते, त्यांच्या सांगण्यापेक्षा कुत्र्यांच्या अंगावरचा निळा रंग लवकर वाचला गेला.

आमच्या सोसायटीच्या फलकावर दर सहा महिन्यांनी सूचना लागते: 'पाण्याच्या टाकीचे शुद्धीकरण असल्याने रविवारी पाणी येणार नाही.' कोण येतं, किती जण, टाकीत उतरताना बाहेर कुणी उभं असतं का, दोरी असते का, हे सूचनेत नसतं. एकदा मी सेक्रेटरींना विचारलं. ते माणूस म्हणून चांगले आहेत. म्हणाले, "अहो, ते ठेकेदार बघतो." वाक्य नीट ऐका. 'आम्ही टाकी साफ करून घेतो' असं सूचनेत लिहिलं असतं तर 'कुणाकडून?' हा प्रश्न मराठीच्या व्याकरणानंच विचारला असता. 'शुद्धीकरण असल्याने' म्हटलं की ते ग्रहणासारखं आपोआप लागतं आणि सुटतं.

हाच खेळ संसदेत झाला, आणि तिथे माणसं मेली होती. जुलै २०२१मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं, की हातानं मैला उचलण्याच्या कामामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच खात्यानं सांगितलं होतं, की २०२० अखेरच्या पाच वर्षांत गटारं आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. दोन्ही उत्तरं कायद्याच्या भाषेत बरोबर आहेत, आणि मला राग येतो तो त्यामुळेच. २०१३च्या कायद्यात 'हातानं मैला उचलणारा' ही एक व्याख्या आणि गटारांची, टाक्यांची 'धोकादायक सफाई' ही दुसरी. पहिल्या रकान्यात शून्य भरता यावं म्हणून सगळी प्रेतं दुसऱ्या रकान्यात. गटारात गुदमरलेला माणूस कुठल्या व्याख्येत मेला हे त्याच्या बायकोला कसं कळावं?

वाशीचा खाडीपूल ओलांडला की पलीकडे थोड्या अंतरावर गोवंडी. तिथे डिसेंबर २०१९मध्ये एका गृहनिर्माण संस्थेची मैल्याची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा, २०२१ साली, प्रत्येकी १० लाखांची भरपाई देण्याचा आदेश झाला. ही रक्कम सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच ठरवून दिली होती. तरीही ती मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती ३० लाख केली आणि माणूस गटारात उतरवणं पूर्णपणे थांबवा असं केंद्राला आणि राज्यांना बजावलं. आता 'मॅनहोल'ला 'मशीनहोल' म्हणायचं असं शासकीय फर्मान आहे. चांगलं आहे. मात्र यंत्राचा पाइप जिथे पोचत नाही तिथे अजून माणूसच उतरतो, फक्त आता तो शब्दातूनही गेला.

यावर मला दोन आक्षेप ऐकावे लागतात. पहिला: शब्द बदलून काय होणार? नाव घेऊन पाणी निवळत नाही हे तुम्हीच सांगितलंत. बरोबर. पण नाव न घेतल्यानं गाळ लपतो, हेही तितकंच खरं. याचा पुरावा महाराष्ट्र सरकारनंच दिलाय. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि त्यातून 'हागणदारीमुक्त गाव' हा शब्द शासकीय कागदांवर, शाळांच्या भिंतींवर, एसटीच्या स्टँडवर आला. सुशिक्षितांनी नाकं मुरडली. 'शौचमुक्त' म्हणता आलं नसतं का? नसतंच आलं, शौचमुक्त गाव म्हणजे बद्धकोष्ठाचं गाव. 'हागणदारी' या शब्दात जागा होती, वास होता, आणि पाणंदीच्या कडेला टमरेल घेऊन बसणाऱ्या माणसाला आपल्याबद्दल बोलताहेत हे लगेच समजत होतं. या अभियानाला जे यश मिळालं त्यात या निर्लज्ज शब्दाचा वाटा आहे असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप: म्हणजे तुम्ही भाषाशुद्धीवाले झालात. मुळीच नाही. त्या चळवळीचा प्रवास स्वतःच सांगण्याजोगा आहे. १९२५ साली फारसी-मराठी कोश करणाऱ्या माधव जूलियन यांनीच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. मला कुठलाही शब्द गावाबाहेर काढायचा नाही. गटार इंग्रजीवरून आलं, पायखाना फारसीतून. दोन्ही राहोत, दोन्ही घाणीचं नाव घेतात. माझी तक्रार परकेपणाबद्दल नाही. उलट 'शुद्धीकरण' हा घरचा, सोवळ्यातला शब्द आहे.

आणि पर्याय घरातच पडलाय. मराठीत गाळणे हे क्रियापद आहे आणि गाळ हे नाम. दोन्ही एकाच धातूचे. चहा गाळला की चोथा गाळणीत दिसतो, तो कुणीतरी टाकायचा असतो, आणि बहुतेक घरांत कुणी टाकायचा हेही ठरलेलं असतं (तो वेगळ्या लेखाचा विषय). या क्रियापदाला आपल्या गाळाचा विसर पडत नाही.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात जाऊन बघा. काहिलीत रस तापू लागला की रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी त्यात घालतात. रसातली घाण त्याला धरून फेसाबरोबर वर येते. ती मळी. ती झाऱ्यानं काढतात. इंग्रजी पुस्तकातलं 'डेफिकेशन' ते हेच. इथे मळीला नाव आहे, तिला टाकायची जागा आहे, ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढली जाते. आणि ती कधी काढायची, किती काढायची, हे ठरवतो तो गुळव्या. गुऱ्हाळात त्याचा शब्द शेवटचा, मालकसुद्धा त्याच्या मध्ये बोलत नाही. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो हे मालकाला माहीत असतं. घाण काढण्याचं कसब इथे मानाचं आहे, कारण ती कुणी काढली ते दिसतं. गुऱ्हाळ म्हणजे काही समतेचा आश्रम नव्हे, चुलाणात चिपाडं सारणाऱ्याला काय मिळतं ते विचारलं की कळेल. पण तिथली भाषा खोटं बोलत नाही.

तेव्हा महापालिकेकडे मागणी अशी. प्रक्रिया केंद्रांच्या दारावर आज पाण्याची क्षमता दशलक्ष लिटरमध्ये लिहितात. त्याच पाटीवर रोज निघणाऱ्या गाळाचं वजन लिहा, तो कुठे जातो ते गाव किंवा तो प्लॉट लिहा, ठेकेदाराचं नाव लिहा, आणि केंद्रात आज किती माणसं कामावर आहेत तो आकडा खडूनं रोज बदला. वाहिनी तुंबली म्हणून यंत्राऐवजी माणूस उतरला असेल तर तेही, तारखेसह. सोसायट्यांनी आपल्या फलकावर 'शुद्धीकरण असल्याने' खोडून 'टाकी साफ करायला चार माणसं येणार आहेत' असं लिहावं, त्यांना चहा कोण देणार आणि दोरी कोण धरणार हेही. आमच्या सेक्रेटरींना मी हे लेखी दिलंय. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ते 'इतर विषय' या शीर्षकाखाली सातव्या क्रमांकावर आहे.